पहिल्या धड्याचे मास्तर

लोक पालीला घाबरतात, अंधाराला घाबरतात, साहेबाला घाबरतात. माझे धाकटे दीर दुसऱ्या धड्याला घाबरत. यात चेष्टा नाही. घाबरत म्हणजे हातपाय गार पडत, तोंडाला कोरड पडे, शर्ट पाठीला चिकटे. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मी हे पाहत आलेय. मला घाबरट माणसांचा मुळातच वैताग आहे, पण भावजींबद्दल लिहायचं तर त्यांच्या भीतीबद्दलच लिहावं लागणार. ती बाजूला काढली तर उरतो एक सडपातळ, नीट भांग पाडणारा, चहात साखर कमी घेणारा गृहस्थ. असे पैशाला पासरी आहेत.

भावजी एका खासगी क्लासमध्ये होते. खाली चष्म्याचं दुकान, मग अरुंद जिना, वर पांढऱ्या फळ्यांच्या तीन खोल्या आणि प्रत्येक दाराला मधोमध काचेचा तुकडा, म्हणजे मालकांना बाहेरून आत बघता यावं. तिथं त्यांचं काम होतं डेमो लेक्चर देणं. ज्यांना हा प्रकार माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. प्रवेशाच्या दिवसांत क्लासवाले एक तास फुकट शिकवतात. पोरं पुढं बसतात, आईबाप मागच्या बाकावर. तास आवडला की तिथल्या तिथं नाव घालतात. मग रोजच्या वर्गावर दुसराच मास्तर येतो आणि डेमोवाला पुढच्या डेमोला जातो. इथं सगळ्या विषयांचे डेमो एकटे भावजी देत. भौतिकशास्त्राची ओळख, इतिहासाची ओळख, संगणकाची ओळख, अर्थशास्त्राची ओळख. क्लासातली मंडळी त्यांना ओळखमास्तर म्हणत.

आणि शिकवत कसे! इतिहासाच्या तासाला ऑफिसातला कारकून मध्येच आत घुसे, भावजींशी कडाकडा भांडे आणि दार आपटून निघून जाई. सगळे हादरत. मग भावजी शांतपणे म्हणत, "आता काय झालं ते प्रत्येकानं लिहा." एकजण लिही, कारकुनाच्या हातात फाइल होती. दुसरा लिही, छत्री होती. तिसऱ्याच्या मते आधी हात मास्तरांनी उगारला. "बघा," भावजी म्हणत, "दोन मिनिटांपूर्वीची गोष्ट, तुम्ही सगळे हजर, आणि तरी ही गत. आता दोनशे वर्षांपूर्वीचं कसं ठरवायचं?"

संगणकाचा तास तर मी स्वतः पाहिलाय. टेबलावर तांब्या आणि भांडं. "मी यंत्र आहे. मला पाणी प्यायला लावा." कुणी ओरडलं, "पाणी ओता!" भावजींनी तांब्या उचलला आणि पाणी सरळ टेबलावर ओतलं. "अहो, भांड्यात!" त्यांनी भांड्यात ओतलं, भांडं भरलं, वाहायला लागलं, तरी ओततच राहिले, कारण थांबा असं कुणी म्हणालंच नव्हतं. एका आईला हसून हसून ठसका लागला. शेवटी पँट भिजवून घेत भावजी म्हणाले, "यंत्र मूर्ख नसतं. आपण अर्धवट सांगतो." त्या दिवशी खालपर्यंत रांग लागली होती नावं घालायला.

पण तास संपला रे संपला की हा माणूस वर्गात थांबायचा नाही. नंतर वर्षभर त्याच पोरांना चुकवत फिरायचा. हातात मार्करचा डबा धरायचा, कामात आहोत असं दाखवायला. जिन्यात एखाद्या पोरानं "सर, एक शंका..." म्हटलं की खाली उतरून थेट चष्म्याच्या दुकानात. तिथं आरशासमोर उभं राहून एकेक फ्रेम नाकावर चढवायची, पोरगं जाईपर्यंत. दुकानदार वैतागून म्हणे, "मास्तर, तुमची नजर चांगली आहे हो. बिघडलीय ती छाती."

हे असं का, याला कारण आहे. भावजींनी कॉलेजात आधी विज्ञान घेतलं, एक वर्षात सोडलं. मग इतिहास, तेही सोडलं. मग संगणकाचा डिप्लोमा, त्याचं एकच सत्र. दर वेळी नवं पुस्तक घरी आणत, वास घेत, पहिला धडा दोनदोनदा वाचून काढत, आल्यागेल्याला समजावून सांगत. दुसरा धडा सुरू झाला की पोट बिघडायचं. लग्नाचंही तेच. मुलगी बघायला गेले की पहिली भेट झकास व्हायची. दुसऱ्या भेटीच्या दिवशी यांना ताप.

घरात त्यांचा थोरला भाऊ होता ना, म्हणजे माझा नवरा. फार हुशार माणूस, आणि अतिहुशार माणूस घरात असणं हा त्रास असतो. हे मी त्याच्या तोंडावर म्हणत असे, आता तो गेल्यावर मागे म्हणायलाही हरकत नाही. धाकट्यानं जेवताना पहिला धडा सांगितला की तो नुसता ऐकून घ्यायचा. दुसऱ्या धड्यापासून प्रश्न. "असं? मग याचं उत्तर काय येईल?" आणि उत्तर चुकलं की हसायचा. ओरडायचा नाही, हसायचा. एवढंच. पण एखाद्या माणसाला एवढंही पुरतं.

तर असं सगळं सुरळीत, म्हणजे भेदरलेलं पण सुरळीत चाललं होतं. मग भौतिकशास्त्राचे मास्तर एका सकाळी समोरच्या क्लासात निघून गेले. त्याच संध्याकाळी मालक आमच्या घरी हजर. जाड गृहस्थ, दोन्ही हातांत दोन फोन, खुर्चीत बसले की खुर्ची बोलते.

"काकू, मास्तरांना समजवा. नवा माणूस मिळेपर्यंत वर्ग सांभाळायचा. पहिला धडा झालेलाच आहे, दुसऱ्यापासून धरायचं."

भावजींनी तोंडाशी नेलेला चहाचा कप खाली घेतला. "मला पुढचं येत नाही."

"अहो, जो माणूस पहिला धडा असा शिकवतो..."

"पहिलाच शिकवतो."

"मग दुसरा तसाच शिकवायचा."

"दुसरा तसा नसतो."

"मास्तर, गिऱ्हाइकाला तुम्हीच हाका मारून दुकानात आणलंत. आता ते आत आलंय तर तुम्ही माळ्यावर लपता?"

मला हसू आलं. भावजींना नाही आलं. कप खाली ठेवताना त्यांनी तो बशीच्या बाहेर ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं. मी भौतिकशास्त्रातच पदवी घेतलेली. पुढं आयुष्य विमा कंपनीत गेलं, पण गती, बल, ऊर्जा विसरायला झालेलं नाही. म्हटलं, बघू तरी या माणसाला काय येत नाही ते. एक उदाहरण घातलं. सोडवलं. दुसरं, जरा वाकडं. तेही सोडवलं. ओट्यावरचं लिंबू वर उडवून मी विचारलं, "अगदी वर पोचलं तेव्हा वेग किती?" "शून्य." "आणि त्वरण?" "तेवढंच, खालच्या दिशेनं. ते कुठं जातंय?"

मी पेन आपटलं. "येतंय की तुम्हाला! मग हे नाटक कसलं?"

"इथं येतं, वहिनी."

"आणि तिथं काय, पृथ्वी उलटी फिरते?"

भावजी लिंबू हातात धरून बसले. मग म्हणाले, "पहिल्या धड्याला वर्गात कुणालाच काही येत नसतं. मी काहीही बोललो तरी ते खरंच असतं. दुसऱ्या धड्याला त्यांना थोडं यायला लागतं. मग कुणीतरी बघत असतं. मी कुठं चुकतोय ते बघत असतं."

मी त्यांच्या हातातलं लिंबू घेऊन परत ओट्यावर ठेवलं.

"तुम्ही मागं बसाल का?" त्यांनी विचारलं. "पालक म्हणून."

"कुणाची पालक?"

"माझी म्हणा."

म्हणून मी या वयात मागच्या बाकावर जाऊन बसायला लागले. शेजारी खिडकीशी एक लांबटांग पोरगा असायचा, तोंडानं वात्रट. पहिल्याच दिवशी म्हणाला, "आजी, कुठल्या विषयात नापास झालात?" म्हटलं, "शिस्तीत. तू?"

भावजी आत आले, मार्करचं टोपण काढलं, आणि काय केलं असेल? पहिला धडाच दिला. दुसऱ्या धड्याचा पहिला धडा. गतीची ओळख! आगगाडीत बसलोय, शेजारची गाडी हलली, आपण हललो की ती हलली? फार सुंदर. पोरं खूश. दुसऱ्या दिवशी बलाची ओळख. टेबलावरची चादर झटक्यात ओढली, वरचं पुस्तक जागच्या जागी. टाळ्या. तिसऱ्या दिवशी ऊर्जेची ओळख. रोज नवं दार उघडायचं, आत डोकवायचं, लोटून घ्यायचं. उदाहरण एक नाही. सूत्र फळ्यावर यायच्या आत तास संपे. दर वेळी त्यांची नजर घड्याळावर, घड्याळावरून दारावर. पाठीवर शर्टाचा ओला नकाशा.

मधल्या बाकावर एक मुलगी बसे. तिला सगळे "शंका" म्हणत, कारण ती दर तासाला एकदा तरी हात वर करून "सर, एक शंका" म्हणायचीच. तिनं विचारलं, "सर, उदाहरणं कधी?"

"उद्या," भावजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. "उद्या." खिडकीवाला माझ्या कानात म्हणाला, "आजी, चाचणीत आगगाडी हलली का नाही एवढंच विचारणार आहेत का?"

त्या दिवशी जिन्यात शंकानं भावजींना गाठलं. ते खाली निघाले होते, मी त्यांच्या पुढं, आणि माझा देह त्या जिन्याला पुरून उरतो, त्यामुळं चष्म्याच्या दुकानाची वाट बंद होती.

"सर, मी तुमच्या डेमोमुळं हा विषय घेतला," ती म्हणाली. तक्रार नव्हती, आपलं सांगत होती. "मामांच्या ऑफिसात हिशेबाचं काम ठरलेलं माझं. बाबा आधी ऐकतच नव्हते. मग म्हणाले, पहिली चाचणी पास झालीस तर शीक, नाहीतर मुकाट्यानं मामाकडं जायचं. म्हणून विचारते सर, उदाहरणं कधी?"

भावजींचा चेहरा असा झाला की मला वाटलं, आता इथंच बसतात. ते काहीतरी पुटपुटले. तिला वाटलं उद्या म्हणाले. "थँक यू सर," म्हणून ती गेली.

घरी येताना रस्ता ओलांडायचंही त्यांना सुधरेना. गाड्या थांबलेल्या आणि हे फुटपाथवर खांबासारखे. "वहिनी, मला कधी डोक्यातच आलं नाही. नावं घालून झाल्यावर ती पोरं जातात कुठं?"

"जातात आपापल्या मास्तरांकडं."

"हिला मीच आहे." मग रस्ता ओलांडल्यावर, "आता दोन्हीकडून भीती वाटते हो."

इतकी वर्षं त्यांना एकच भीती होती, आपण उघडे पडू ही. तिच्याशी त्यांचं एक प्रकारे जमलेलं होतं, कुठं लपायचं ते माहीत होतं. ही नवी भीती निराळी. हिच्यापासून लपावं तर ती पोरगी मामाकडं जाणार, आणि न लपावं तर जुनी भीती समोर उभी. त्या रात्री ते जेवले नाहीत. मी आग्रह केला नाही. घाबरलेल्या माणसाच्या पोटात अन्न कोंबू नये.

दुसऱ्या दिवशी भावजींनी फळ्यावर उदाहरण लिहिलं. चेंडू सरळ वर फेकला, सुरुवातीचा वेग सेकंदाला वीस मीटर, गुरुत्व दहा धरा, दोन सेकंदांनंतर वेग किती? अक्षर इतकं थरथरत होतं की वीस आणि तीस ओळखू येईना. सूत्र लिहिलं. आकडे घातले. वीस अधिक वीस. बरोबर चाळीस. खाली रेघ मारली.

उणे चिन्ह राहिलं होतं. स्वयंपाकघरात हेच उदाहरण त्यांनी डोळे मिटून सोडवलं असतं. मी तोंड उघडणार होते, पण आवाज फुटेना. मलाही फुटेना! त्या खोलीत भीती अशी साचली होती की माझ्यासारखीलासुद्धा लागली.

हात वर झाला. "सर, एक शंका. चेंडू वर फेकलाय ना? मग त्याचा वेग वाढतोय कसा?"

खिडकीवाला मोठ्यानं म्हणाला, "म्हणजे तो परत येतच नाही. गेला!"

वर्ग हसला.

तेच हसणं. भावजी फळ्याकडं तोंड करून उभे होते. मानेवरून घामाचा थेंब कॉलरमध्ये गेला, तो मला मागून दिसला. दार त्यांच्या डाव्या हाताला, हात लांबवला तर कडी लागेल इतकं जवळ. त्यांनी मार्करचं टोपण लावलं. मी ओळखलं, निघाले. डावा हात उचललासुद्धा.

शंका अजून हात वर करूनच बसली होती. ती हसत नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं, आणि तिला कळून हवं होतं.

भावजी वळले. ओठ पांढरे. "कुठं चुकलं?" त्यांनी विचारलं. आवाज विहिरीतून आल्यासारखा. "दाखव. इकडं ये."

ती उठून आली. फळ्यासमोर उभी राहिली, पुटपुटली, अधिक पुसून उणे केलं. वीस उणे वीस, शून्य. "म्हणजे सर, तो तिथं थांबला."

"बरोबर. आणि तिथं त्वरणही शून्य," भावजी घाईनं म्हणाले. एक चूक निस्तरली या आनंदात दुसरी केली.

"मग तो वरच लटकून राहील की!" खिडकीवाला ओरडला. "सर, तुमचा चेंडू आज खाली येणार आहे का नाही?"

पुन्हा हशा. या वेळी भावजी फळ्याला टेकून उभे राहिले. "का लटकेल? सांग बघू," ते म्हणाले. पोरगा सांगायला गेला आणि स्वतःच अडकला. मग दुसऱ्यानं मदत केली, तिसऱ्यानं मोडता घातला. शेवटी चेंडू खाली आला. तास संपायच्या थोडा आधी आला, पण आला.

दाराच्या काचेतून मालक बघत होते. बाहेर पडल्याबरोबर भावजींना त्यांनी कोपऱ्यात घेतलं.

"मास्तर, हे काय? पोरं फळ्याशी येऊन तुम्हाला शिकवतायत! कुणा पालकानं पाहिलं तर?"

"पालकानं पाहिलं," मी म्हटलं. "मी मागं बसले होते."

"काकू, तुम्ही मध्ये पडू नका. मास्तर, तुम्ही आपले डेमोच द्या. त्यात तुमचा हात कुणी धरत नाही."

याची भावजी आयुष्यभर वाट पाहत होते, कुणीतरी सुटका करावी याची. ते मालकांकडं बघत राहिले. अंगातला शर्ट पिळला असता तर पाणी निघालं असतं. मग म्हणाले, "चाचणीपर्यंत मी घेतो." आणि मार्करचा डबा विसरून खाली गेले. मालक तरी काय करणार, नवा मास्तर मिळतच नव्हता.

चाचणीपर्यंत रोज उदाहरणं झाली. रोज चुकाही झाल्या. काही त्यांच्या, पुष्कळशा पोरांच्या. भावजींना त्याची सवय झाली असं कुणाला वाटेल, पण तसं काही झालं नाही. रोज सकाळी आमच्या न्हाणीघरात नळ सोडून ठेवलेला असे, म्हणजे आतला ओकारीचा आवाज मला ऐकू येऊ नये. येत असे.

निकाल लागला तो काही बरा नव्हता. निम्मा वर्ग नापास. खिडकीवाला नापास, आणि ते त्यानं मला अभिमानानं सांगितलं. शंका पास झाली, पण अगदी काठावर. तिचे वडील क्लासात आले. बसचालकाच्या गणवेशातच आले होते, ड्यूटीवरून थेट. भावजी समोर उभे राहिले ते पकडून आणलेल्या चोरासारखे.

"पास झाली म्हणते," वडील म्हणाले. "पण काठावर."

"हो. काठावर."

"तुमच्या त्या फुकटच्या तासाला मी मागं बसलो होतो. तेव्हा मला वाटलं होतं, पोरगी पहिली येईल."

खोटं बोलायला ती उत्तम जागा होती. "तो पहिला धडा होता," भावजी म्हणाले. "पुढचे अवघड असतात. मलाही असतात."

वडिलांनी त्यांना वरून खालपर्यंत पाहिलं. "मग पुढचा कधी?"

"सोमवारी."

"कोण घेणार?"

"मीच."

"बघू," असं म्हणून ते गेले. होही नाही आणि नाहीही नाही. मामाकडचं काम तसंच टांगलेलं राहिलं, पुढच्या चाचणीपर्यंत.

सोमवारी सकाळी भावजी बाहेरच्या स्टुलावर बसले होते, एका पायात बूट, दुसरा हातात. माझी भाजी चिरून झाली, कणीक मळून झाली, तरी तसेच.

"वहिनी, आज नको."

"मग नका जाऊ."

"तिसरा धडा आहे. दोलन. मी तो कधी उघडलाच नव्हता. काल रात्री पहिल्यांदा वाचला."

"कळला?"

"निम्मा."

"मग तेवढा शिकवा. पुढचं पोरं काढतील."

त्यांनी मान हलवली, पण बूट हातातच. नाडी छिद्रात जाईना. मी ती ओढून घेऊन बांधावी असं फार वाटलं, पण हात आवरला. चौथ्या-पाचव्या खेपेला गेली. उभे राहिले, दार उघडलं आणि उंबऱ्यावर थांबले.

"तुम्ही येताय ना मागच्या बाकावर?"

"नाही," मी म्हटलं. "मला कामं आहेत."

चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. मला वाटलं, परत आत येतात आता. मग जिन्यात त्यांची पावलं वाजली. मध्येच थांबली. बराच वेळ थांबली, मी कणकेचे हात घेऊन दाराशी येईपर्यंत. मग पुन्हा वाजायला लागली, खाली, आणि रस्त्यावर.